चाकावरचे निळे डाग

गॅरेजच्या बाकावर मी पुस्तक उघडून बसलो होतो, पण लक्ष समोर होतं. दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये, हे मला कळतं. तरी ऐकलं. मिस्त्री एका म्हाताऱ्या वडिलांना आणि त्यांच्या मुलीला, त्यांच्याच गाडीतून काढलेलं जाड लोखंडी चाक दाखवत होते.

"हे फ्लायव्हील. क्लचप्लेट याच्यावर घासते. हे निळे डाग बघा, तापून तापून पडलेत. नवी प्लेट यावरच बसवली, तर चार महिन्यांत परत याल."

"म्हणजे चाकही बदलायचं? बाबा, गाडी काढूनच टाकू या. मी बसने जाईन कामावर."

"बस कशाला? मी सोडतो ना रोज."

"काका, चढावर अर्धा क्लच दाबून गाडी थोपवून धरता का?"

"छे! चाळीस वर्षं चालवतोय मी."

"चाक खोटं बोलत नाही, काका."

"हिच्या ऑफिससमोर चढ आहे. तिथं धरतो थोडी."

"बाबा, मी उतरले की तुम्ही लगेच निघता ना?"

"तू दारातून आत जाईपर्यंत थांबतो."

"अहो काका, मग हँडब्रेक ओढायचा की!"

"तो करकरतो. ही मागं वळून बघेल. म्हणेल, मी काय आता लहान आहे?"

मिस्त्रींनी चाक हलकेच खाली ठेवलं.

"दादा, चाक बदला."

"बदलतो, ताई. हँडब्रेकचंही बघून देऊ? करकरणार नाही मग."

"नको. करकरू दे."