बसमधल्या नोंदी

(पनवेल कोळीवाडा. दुपारचे अडीच. ओट्यावर दयाराम जाळं दुरुस्त करतोय. आतल्या खोलीत मैना आणि लॅपटॉप उघडून बसलेली रिना.)

मैना : मॅडम, तेवढं सोडून दुसरं काय पन इचारा.

रिना : मैनाताई, मी आरोप करत नाहीये. मला फक्त मे महिन्याचं सांगा. चौदा ते चोवीस, अकरा दिवस तुमची वहीत एकही नोंद नाही. आधी दर दोन-तीन दिवसांत एक तरी असायची. आणि तुम्ही कामावर होतात, हजेरी आहे तुमची.

मैना : नसंल काय झालं त्या दिसांत.

दयाराम : व्हय, त्या दिसांत देव सोता पहाऱ्याला उभा व्हता कंपनीत! मॅडम, बारा दिस झाले, आमच्या बाईला घरी बसवलीय. कशापाई? तुमी चित्र काढलाव म्हनून. आनि आता चित्र काढनारीच इचाराला आली.

मैना : तुमी तुमचं जालं बगा हो.

दयाराम : जालं बगतोच हाय. पन मना एकदा नीट कलू तर दे. मॅडम, तुमी केलाव तरी काय?

रिना : सांगते, काका. तळोज्याच्या प्लांटमध्ये प्रत्येक विभागात एक वही टांगलेली असते. अपघात होता होता टळला, की तिच्यात लिहायचं.

मैना : आमी तिला वाचलो-वही बोलतो.

रिना : तीच. कंपनीने आमच्या संस्थेला त्या वह्या अभ्यासाला दिल्या. आठ महिन्यांत एकशे एकतीस नोंदी. कोण लिहितं, कोण कुणाशी कामाचं बोलतं, ते सगळं आम्ही टिंबं आणि रेघांनी मांडलं. त्यात मधोमध एक मोठं टिंब आलं. एकट्या त्या टिंबाच्या शहाण्णव नोंदी.

दयाराम : आनि ते टिंब म्हंजे आमची बायको.

रिना : नाव नव्हतं घातलं मी. कुणाचंच घालत नाही, नियम आहे आमचा.

मैना : अवो, पॅकिंगच्या सकालच्या शिफ्टला वही लिवनारी एकच बाई हाय. नाव कशाला पायजे? शेंबडं पोर पन सांगंल.

रिना : हो. ते मला सुचायला हवं होतं. नाही सुचलं. आणि साहेबांनी चित्राचा अर्थ लावला की या बाईच्या विभागातच सगळी हयगय चाललीय. ताई, आज चार वाजता मीटिंग आहे. तुम्हाला कायमचं काढायचं पत्र तयार आहे.

मैना : आज?

रिना : आज. म्हणून रिक्षा करून धावत आले. हे असंच राहिलं तर माझ्या हातून तुमची नोकरी गेली असं होईल, आणि मला खात्री आहे की चित्र चुकलंय. फक्त कुठे चुकलंय ते कळत नाहीये.

दयाराम : घ्या! म्हंजे बोट फोडली, मंग भोक शोधाला आली.

मैना : आवो, गप ऱ्हावा की! पोरगी घरी आलीय आपल्या. मॅडम, तुमी सॅम्युअल मास्तरांच्या ना? इस्राएल आलीतल्या?

रिना : हो. तुम्ही ओळखता पप्पांना?

मैना : तुमच्या आजीला, मझलबायला. माजी आय तुमच्या आलीत पाटी घेऊन जायची. तुमची आजी खवलं दाखवल्याबिगर मासा हातात घेत नसं. कोलंबी तर दारातूनच परत, तुमच्या ज्यू धरमात बिनखवल्याचं चालत नाय ना. माजी आय बोलायची, गिऱ्हाईक किरकिरं हाय, पन शब्दाला पक्कं.

रिना : पप्पा अजून तसेच आहेत. बाजारात मासेवाल्यांशी वाद घालून येतात.

मैना : मंग तुमी पन शब्दाला पक्क्या का?

रिना : विचारून बघा.

मैना : मी जे सांगंन ते कंपनीत जानार नाय?

रिना : तुम्ही नको म्हणाल ते नाही जाणार.

दयाराम : सांग गो बाय आता! बारा दिस झोपली नाय तू. कूस बदलून बदलून मना पन जागवलंस.

मैना : चौदा मे ते चोवीस मे कंपनीची बस बंद व्हती. इंजिनाचं काम काढलं व्हतं. आमी सगल्या तीन चाकीनी जायचो, पाच-पाच जनी, ज्या त्या आपल्या नाक्यावरनं.

रिना : बस? बसचा आणि वहीचा काय संबंध?

मैना : बसमधीच तर सांगतात मना. पनवेलहून सुटली का कलंबोली, रोडपाली करत भरत जाते. डायरच्या, म्हंजे माल सुकवायच्या खात्यातल्या बायका माज्या मागच्या सीटवर बसतात. रेवा, जनी... नाय, नावं नको. मी त्यांना एकवीरा आईची आन दिलीय.

रिना : नावं मी ऐकलीच नाहीत. पुढे?

मैना : डायरचा ठेकेदार लई खडूस. तक्रार लिवली का दुसऱ्या दिशी बोलतो, उद्यापास्नं येऊ नको. त्या बायका वहीला हात लावत नाय. मना बसमधी सांगतात, मैनाबाय, आज पाय सरकला, आज गोनीचा पट्टा तुटला. मी चिठ्ठीवर टिपून घेते. पॅकिंगला गेले का आमच्या वहीत उतरवते. माज्या नावानी.

रिना : सगळं? तुमच्या नावाने?

मैना : मंग कुनाच्या? मी कायम हाय, मना लगेच कोन हाकलनार, असं वाटलं. आनि कुनी लिवलंच नाय तर एक दिस खरंच कुनीतरी पडंल ना. सातवी शिकल्याचा तेवढा तरी उपेग.

दयाराम : हे मना पन म्हाईत नव्हतं. बगा! सतरा वर्सं संसार केला.

मैना : सतरा नाय, सत्तावीस.

दयाराम : बसच्या धक्क्यानी धा वर्सं गालली.

रिना : थांबा, थांबा. ताई, काय झालं ते वहीत नक्की कसं लिहायचात? जागा लिहायचात?

मैना : जागा खरीच लिवायची. जीव वाचला म्हनून लिवायची वही, तिच्यात खोटं कसं लिवनार? नाव तेवढं माजं. शेवटच्या रकान्यात सगलं हाय.

रिना : शेवटचा रकाना... अरे देवा.

मैना : काय झालं?

रिना : तो आम्ही घेतलाच नाही. पुण्याच्या ऑफिसात वह्या संगणकात भरल्या, तिथे तुमचं अक्षर कुणाला लागलं नाही. ‘शिरीचा पाय’, ‘डायरची माली’, त्यांना काही बोध होईना. त्यांनी तारीख, विभाग, नाव एवढंच घेतलं आणि बाकीचं ‘इतर’ म्हणून टाकून दिलं. मला वाचता आलं असतं हो, शिरी म्हणजे शिडी, माली म्हणजे माळा! मी पनवेलची. मी तो रकाना उघडून बघितलाच नाही.

दयाराम : आता तरी उघडा!

रिना : वहीचे फोटो आहेत माझ्याकडे. पण ताई, तुमची आन...

दयाराम : आन नावाची दिलीय, शिरीची थोडीच दिलीय!

मैना : ते खरं हाय. शिरीला कोन कामावरनं काढनार?

रिना : तुम्ही वाचा, मी मोजते. भराभरा. सव्वा तीन वाजलेत.

मैना : शिरीचा पाय हालतो, डायरची. शिरीची पायरी मोडली, डायरची. गोनी क्रेनवरनं सुटली, बाजूला पडली. शिरी. शिरी. परत शिरी. पॅकिंगचा टेबल कलंडला, हे माजं खरं हाय. शिरी...

रिना : पुढे.

मैना : क्रेन. शिरी. किती येला लिवलं मी हे! लिवताना कलत नव्हतं.

रिना : झालं. शहाण्णवपैकी एकसष्ट डायरची शिडी. अठ्ठावीस क्रेनच्या गोण्या. आणि तुमच्या पॅकिंगच्या किती, माहीत आहे? सात.

दयाराम : सात! आनि त्यापायी बारा दिस!

रिना : अख्ख्या प्लांटमध्ये सगळ्यात सांभाळून काम करणारा विभाग निघाला हा. पण एक विचारते. डायरला तुमच्या शिफ्टला किती बायका आहेत?

मैना : चौदा. आनि नऊ पुरुस.

रिना : मग चालेल. दोघी-तिघीच असत्या, तर जागा सांगणं म्हणजे नाव सांगणंच झालं असतं. तेविसांत कुणी ओळखू येणार नाही. आणि बसचं मी एक अक्षर लिहिणार नाही.

मैना : अकरा दिसांचं पन?

रिना : ते तर मुळीच नाही. ते लिहिलं की ठेकेदार बसमध्ये कान लावून बसेल. ‘नोंद लिहिणाऱ्याप्रमाणे नाही, जागेप्रमाणे मोजायला हवी होती, चूक आमची’, एवढंच पाठवते. इथे रेंज येत नाही वाटतं?

दयाराम : बंदराकडं जा. होडीपाशी उभं ऱ्हायलं का दोन काड्या येतात.

रिना : आलेच मी.

मैना : चूक आमची बोलली ना ती?

दयाराम : बोलली. लिवून पन देनार.

मैना : तिची पन नोकरी जायची.

दयाराम : तू आधी सोताचं बग. सगल्या पनवेलची चिंता तुज्याच डोक्यावर. मना एक सांग, मना का नाय बोलली तू?

मैना : तुमी बंदरावर बोललं असतं. तुमच्या पोटात काय ऱ्हातं?

दयाराम : ते पन खरं हाय.

मैना : मना भ्या वाटत व्हतं हो. वाटलं नावं सांगावी आनि सुटावं. काल तर चपला घालून दाराशी आलते. मंग त्या बायांची तोंडं डोल्यापुढं आली नि परत आत आले.

दयाराम : येडी हायस. चांगली येडी हायस.

(दीड तासानंतर. दोघं ओट्यावर.)

मैना : पाच वाजून गेले. अजून होडीपाशी फोनवर बोलतेच हाय ती.

दयाराम : हात हालवते बग. मॅडम! काय झालं? हितनंच सांगा!

रिना : ताई! शिडी आजपासून बंद! नवी लोखंडी बसवणार. क्रेनखाली जाळी टाकतायत.

दयाराम : अवो, शिरी गेली खड्ड्यात! हिचं सांगा!

रिना : पत्र फाडलं, काका! गुरुदत्त सरांनी, सेफ्टीच्या सरांनी, मीटिंगमध्येच फाडलं. बारा दिवसांचा पगार भरून देणार. आणि उद्यापासून कामावर या म्हणालेत.

मैना : उद्यापास्नं?

रिना : उद्यापासून. अहो ताई, रडू नका ना.

मैना : रडू दे गो बाय. बारा दिसांचं साचलंय. तू पन बस हितं. किती घाम आलाय तुला.

रिना : मलाही सुटल्यासारखं झालंय. खरं सांगू? घरी जाऊन पप्पांना काय सांगणार होते मी?

दयाराम : आता मासं घेऊन जा सांगाला. जिताडं हाय ताजं, खवल्यांसकट. मास्तर खवलं मोजूनच घेतील!

मैना : आनि नवं चित्र काढशील त्याच्यात मी कुठं?

रिना : तुम्हाला चित्रात घेतच नाही.

मैना : बरं झालं. आता जरा हात चालवू दे मना. पीठ मलाचं हाय, सकाली सव्वापाचला बस नाक्यावर येते. सगल्यांना सांगाला लागंल, शिरी बदलली म्हनून.

दयाराम : आनि तुजं? तुजी नोकरी ऱ्हायली, ते नाय सांगनार?

मैना : मी बसमधी चढले, का कलंल त्यांना.