तिसरा प्रश्न

वृंदाबाई : थांब. म्हणजे परीक्षेचा पाठ चालू, मागच्या बाकावर बाहेरचे परीक्षक बसलेले, आणि तू वर्ग सोडून गेलीस?

तुळशी : हो बाई.

वृंदाबाई : कुठे?

तुळशी : जिन्याखाली.

वृंदाबाई : जिन्याखाली काय होतं?

तुळशी : ही होती. उमा. आणि आमच्या सासूबाई.

सखू : मीच आनली बाय. सकालपासून बाटलीला तोंड लावत नाय. मांजर्लीपास्नं अंबरनाथपर्यंत रडत आली. रिक्षावाला बोलला, मावशी, पैसे देऊ नका पन पोर उतरवा.

वृंदाबाई : आजी, तुम्ही आधी बसा. त्या खुर्चीवर बसा, तिचा पाय हलत नाही. झोपली का पोर?

सखू : आता झोपंल नाय तर काय. पोट भरला ना.

वृंदाबाई : मग हळू बोलू. तुळशी, आपल्या विद्यार्थिनीच्या पाठाला आपण बसायचं नाही असा नियम आहे, म्हणून मी इथे स्टाफरूममध्ये जीव मुठीत धरून बसले होते. मघाशी कर्णिक सर बाहेर आले आणि मला म्हणाले, पाठ उत्तम झाला, पण गुण कोणाला द्यावेत ते कळत नाही. आता ते प्राचार्यांकडे चहा घेतायत. त्यांचा चहा संपायच्या आत मला पहिल्यापासून सांग.

तुळशी : सुरुवात एकदम मस्त झाली होती, बाई. सस्तन प्राणी. दोन सोपे प्रश्न विचारले, दोन्हींना सगळ्यांचे हात वर. मग तिसरा.

वृंदाबाई : कोणता ठेवला होतास?

तुळशी : वटवाघूळ उडतं, मग त्याला पक्षी का म्हणत नाहीत. विचारल्यावर वर्ग असा गप्प झाला ना, की मलाच भीती वाटली.

सखू : पोरांना आला नाय उत्तर?

तुळशी : येतं ना, आई. पण आमच्यात पद्धत असते. पहिले दोन प्रश्न मुलांना यायला पाहिजेत आणि तिसरा यायला नको. तो आला नाही की मग आपण म्हणायचं, आज आपण तेच शिकणार आहोत. आणि फळ्यावर पाठाचं नाव लिहायचं.

सखू : न् आला तर?

वृंदाबाई : तर आमची पंचाईत, आजी. पण ही बुवापाड्याची मुलं. आमच्या ट्रेनिंग कॉलेजच्या सगळ्या मुली शिकवायला त्यांच्यावरच शिकतात. वटवाघूळ त्यांनी जूनपासून कितीदा ऐकलंय देव जाणे. ती शहाणी झाली आहेत. तिसऱ्या प्रश्नाला बरोबर गप्प बसतात.

तुळशी : मागचा जनू उत्तर द्यायला उठत होता, तर चिमीने त्याचा सदरा ओढून खाली बसवला. म्हणाली, ए, हा नाही यायचा प्रश्न आहे.

वृंदाबाई : कर्णिक सरांनी ऐकलं?

तुळशी : ते त्याच बाकाच्या मागे होते.

वृंदाबाई : बरं. पुढे.

तुळशी : मी वटवाघूळ टांगलं. म्हणजे ते काळ्या छत्रीच्या कापडाचं केलंय ते. उल्हासनगरच्या कटपीसवाल्याने विचारलं होतं, बहेनजी, ब्लाउज का है? मी म्हटलं, नाही भाऊ, चमगादड का. त्याने उरलेला तुकडा फुकट दिला. तर ते टांगलं, आणि म्हटलं, सस्तन प्राणी आपल्या पिल्लांना दूध पाजतात. तेवढ्यात व्हरांड्यातून हिचा आवाज.

सखू : मी तोंडावर पदर धरला व्हता गो. तरी.

तुळशी : मी तेच वाक्य तीनदा म्हटलं, बाई. पिल्लांना दूध पाजतात, पिल्लांना दूध पाजतात. आणि ब्लाउज ओला व्हायला लागला. पदर नीट घेतला, तक्ता छातीशी धरून शिकवायला लागले. मग चिमी उठली.

वृंदाबाई : हात वर करून?

तुळशी : हात वर करून. म्हणाली, बाई, तुम्ही जाऊन या. पुढचं आम्हाला येतं.

वृंदाबाई : अगं बाई.

तुळशी : मी गेले. विचारच नाही केला. परत आले तर वर्ग चालू. चिमी फळ्यापाशी, जनू तक्त्यावर पट्टी फिरवतोय. गाय झाली, देवमासा झाला, उजळणीचे प्रश्न झाले. चूक उत्तर आलं की चिमी म्हणायची, छान प्रयत्न, अजून कोण सांगेल? अगदी तुमच्यासारखं. शेवटी तिने घरचा अभ्यास दिला आणि सरांना विचारलं, मागच्यांना ऐकू येत होतं ना?

वृंदाबाई : हसू नकोस. मलाही हसवू नकोस, पोर उठेल. सर काय म्हणाले?

तुळशी : म्हणाले, हो, येत होतं. आणि पेनाला टोपण लावलं. बाई, मी नापास ना?

वृंदाबाई : ते बघून येते. तू इथेच थांब. आणि तोंड पूस, खडू लागलाय गालाला.

तुळशी : आई, तुम्ही तरी काही बोला.

सखू : काय बोलू? अनंताला मी सांगला व्हता, एक वरस. एक वरस मी पोर सांबालते, तुजी बायको मास्तरीन होऊ दे. मना वाटला वरस असा जाईल. आता माजा गुडघा बघ. आज नाय झाली तर परत पुढचा वरस मी नाय करनार, तुळशे. तुला आत्ताच सांगते.

तुळशी : मी कुठे म्हणते करा.

सखू : रडू नको. दूध आटंल. ता काय काला लोंबतंय पिशवीतून?

तुळशी : वटवाघूळ.

सखू : असा व्हय. आपल्या चिंचेवर असतात तसा. उलटा टांगलेला.

तुळशी : हो.

सखू : मग ता पोराला पाजतं कसा?

तुळशी : म्हणजे?

सखू : अगो, उलटा टांगून. पोर खाली नाय पडत? मी तुला बाजेवर दोन उशा लावून दिल्या तरी तुला पयल्या दिवशी जमत नव्हता.

तुळशी : पुस्तकात फक्त पाजतं असं दिलंय.

(वृंदाबाई परत येतात.)

वृंदाबाई : ऐक. नापास केलेलं नाही. मधल्या सुट्टीनंतर पुन्हा पाठ. तोच वर्ग, तोच विषय. पण सरांनी एक अट घातली आहे. तिसरा प्रश्न असा हवा की मुलांना खरोखर येणार नाही. नाटक नको, म्हणाले.

तुळशी : त्या वर्गाला? बाई, त्यांना सगळं येतं. आपणच तर शिकवून ठेवलंय.

वृंदाबाई : म्हणून तर. नव्वद साल लागलं तरी आपण तेच तीन प्रश्न विचारतोय. मी कॉलेजात आले तेव्हाही हेच होते. डोकं चालव. आणि आजी, तुम्ही माझ्या डब्यातलं थोडं खाऊन घ्या.

तुळशी : आई, मघाशी काय विचारलंत तुम्ही?

सखू : मी? मी कुठं काय विचारला?

तुळशी : ते वटवाघळाचं.

सखू : ता होय. उलटा टांगून पोराला कसा पाजतं. येवडाच. चुकला काय माजा?

वृंदाबाई : नाही हो आजी. इतकी वर्षं वटवाघूळ शिकवते आहे मी, हे मला कोणी विचारलं नाही. मीही कोणाला विचारलं नाही.

तुळशी : उत्तर काय आहे त्याचं?

वृंदाबाई : मला माहीत नाही.

तुळशी : मग मी मुलांना सांगू काय?

वृंदाबाई : तेच. मला येत नाही, आपण शोधू या. त्यांना काय वाटतं ते सांगू दे. चिंचेखाली जाऊन बघू म्हण, चित्र काढा म्हण. प्रश्न फळ्यावर मोठ्या अक्षरात लिही.

तुळशी : परीक्षेच्या पाठात, सरांसमोर, मला येत नाही असं म्हणायचं?

वृंदाबाई : ती मुलं वर्षभर तुमच्यासाठी म्हणतायत, तुळशी. एकदा तू म्हण.

तुळशी : आणि चिमीने विचारलं, बाई, तुम्हाला खरंच येत नाही, की हाही ‘नाही यायचा प्रश्न’ आहे, तर?

वृंदाबाई : तर तिच्याकडे नीट बघून सांग. तिला कळेल. चल, घंटा होईल आता. ते वटवाघूळ दे इकडे, एक पंख उसवलाय, मी टाचणी लावते. आजी, पोर माझ्याकडे द्या. मी इथे सांभाळते.

सखू : नको. मागच्या बाकड्यावर जागा हाय ना?

वृंदाबाई : कर्णिक सरांच्या शेजारी आहे. पण ही उठून रडली तर?

सखू : मास्तरला नाय माहीत, पोरांना नाय माहीत, तुमाला पन नाय माहीत. रडली तर हिला तिथंच पाजू दे तुळशीला. मी हितं बसून काय करू? मना पन ऐकायचाय.