दार उघडेल तो शिंपी

तपासनीस : ...म्हणून तर मला परत पाठवलंय. गेल्या साली रोजगार पाहणीच्या तुमच्या फॉर्मात नवरा शिंपी, बायको काही करत नाही. यंदा बायको शिंपी, नवरा काही करत नाही. ऑफिसात सगळे विचारतायत, वर्षभरात या घरात झालं काय?

बायको : मोठ्यानं बोला, मशीन चालू आहे. आणि ती पिशवी ठेवा खाली, बंद तुटलाय तिचा.

नवरा : झालं काहीच नाही. गेल्या साली दार मी उघडलं होतं.

बायको : आणि यंदा मी.

तपासनीस : बरं, मग खरं काय?

नवरा : खाली पाटी वाचलीत ना? नाव कोणाचं आहे?

बायको : पाटी शिवते का कपडे? बाई, हे तेव्हा तुमच्या माणसाला सांगत होते, "ही घरीच असते." मी इथंच चाळीस गणवेश शिवत होते. खडखडाट एवढा, की त्या बिचाऱ्यानं दोनदा विचारलं, "काय म्हणालात?"

नवरा : घरीच होतीस की! खोटं काय सांगितलं?

बायको : मग मीही खरंच सांगितलं. तुम्ही घोरत होतात.

नवरा : तीस वर्षं शिवलं मी. हिला सुई धरायला मी शिकवलं. आणि आता कागदावर मी रिकामटेकडा! डोळ्यांनी दगा दिला हो, मी नाही.

बायको : एकदा लिहिलं तर एवढं झोंबलं? माझं काय झालं असेल?

तपासनीस : काका, नियम सोपा आहे. गेल्या सात दिवसांत मजुरी घेऊन एक तास जरी शिवलं असेल, तर तुम्ही शिंपी.

नवरा : सुईचं भोकच दिसत नाही. काय सांगू?

(मशीन थांबतं.)

बायको : बाई, तुमच्या घरी कोणी दिली हो माहिती?

तपासनीस : सासऱ्यांनी. मी असलेच फॉर्म घेऊन गावभर फिरत होते.

बायको : काय सांगितलं त्यांनी?

तपासनीस : "सून घरीच असते."

नवरा : अहो, पण तुम्ही घरी नव्हतातच!

तपासनीस : त्याला रकाना नाही, काका.

बायको : घ्या! द्या ती पिशवी इकडे. मजुरी पडेल हं.

तपासनीस : देईन की. पण पाच मिनिटांत होईल ना? अजून सहा घरं राहिलीत.

बायको : माझ्या हातानं पाच मिनिटं. पण मी नाही शिवणार. अहो, धरा. सुई ओवून दिलीय.

नवरा : वाकडं जाईल गं.

बायको : जाऊ दे. उसवा, परत घाला.

नवरा : बाई, आजचा दिवस धरतात का हो त्या सातांत?

तपासनीस : नाही धरत. पण फॉर्मावर तारीख उद्याची घालीन. तीन वाजून दहा झालेत, काका. चार वाजून दहाला द्या. बसते मी.