माझा भाऊ बायबल शिकायला निघाला

आजच्या सभेचे अध्यक्ष, आमच्या मंडळीचे आदरणीय पाळकसाहेब. त्यांच्या शेजारी बसलेले, ज्यांच्या दंतप्रयोगशाळेने अर्ध्या गावाला पुन्हा चावता-हसता केलं ते मालक. मंडळीतली वडीलधारी माणसं. डावीकडे बसलेले माझ्या भावाचे कर्णबधिर मित्रमैत्रिणी. उजवीकडचे आपण सगळे ऐकू येणारे. आणि पहिल्या रांगेत लाजून मान खाली घालून बसलेला आजचा सत्कारमूर्ती. सर्वांना मनापासून नमस्कार. सत्कारमूर्तींनी मान वर करावी, नाहीतर त्यांना यातलं काहीच कळायचं नाही.

माझ्या शेजारी उभे आहेत ते आमचे हे. मी बोलते ते हे खुणांच्या भाषेत सांगताहेत. मेहुण्याशी गप्पा मारता याव्यात म्हणून लग्नानंतर शिकले. तेव्हापासून आमची भांडणंही खुणांनीच होतात आणि शेजारी आम्हाला फार समंजस जोडपं समजतात.

माझा भाऊ जन्मापासून बहिरा आहे. कवळ्या बनवतो. मित्रांनी त्याचं खुणेतलं नाव ठेवलंय ते असं, अंगठा पुढच्या दातांवर. तुमच्यापैकी काहींच्या तोंडात त्याची कला आहे. कोणाच्या, ते मी सांगणार नाही, पण दोघांनी आत्ताच ओठ मिटलेले मला दिसले.

असा हा माणूस उद्या सकाळच्या गाडीने बायबल अभ्यासातली पदव्युत्तर पदवी घ्यायला निघतोय. आधीची पदवी त्याने नोकरी सांभाळून घरबसल्या घेतली होती. आता तो कॉलेजात, वर्गात, बाकावर बसणार. त्या कॉलेजातला पहिला बहिरा विद्यार्थी. हे सांगताना माझा आवाज चढतोय हे मला कळतंय, पण आज चढू दे.

हे सुरू कसं झालं? काही वर्षांपूर्वी आपल्याकडे एक पाहुणे उपदेशक आले होते. त्यांनी शुभवर्तमानातली ती गोष्ट घेतली, येशूने बहिऱ्या आणि अडखळत बोलणाऱ्या माणसाला बरं केलं ती. उपदेश संपल्यावर ते खाली आले, माझ्या भावाच्या दोन्ही कानांवर हात ठेवले आणि मोठ्याने प्रार्थना केली. मनाने चांगले होते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. भाऊ शांत उभा राहिला. सगळी मंडळी त्याच्या तोंडाकडे बघत होती. काही झालं नाही.

घरी जाताना तो रस्त्यातच थांबला. मला वाटलं, रडतोय की काय. त्याने विचारलं, "ताई, येशूने त्या माणसाला आधी गर्दीतून बाजूला का नेलं?"

"मला काय माहीत?"

"आणि काही बोलायच्या आधी त्याच्या कानांना, जिभेला हात का लावला? वर आकाशाकडे का बघितलं?"

"अरे, पाळकसाहेबांना विचार ना."

"विचारतो. पण मला वाटतं, तो त्याच्याशी आधी हातांनी बोलला. त्याला समजेल असं. सगळ्यांनी टक लावून बघू नये म्हणून बाजूला नेऊन."

मी रस्त्यातच उभी राहिले. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण हे मला कधी दिसलंच नव्हतं.

पाळकसाहेबांकडे तो गेला. इथे एक गोष्ट सांगून टाकते. साहेबांच्या भरघोस मिशा होत्या. माझा भाऊ ओठ वाचतो आणि त्याला त्या मिशांमुळे उपदेश निम्माच कळतो, हे समजलं त्या आठवड्यात साहेबांनी त्या काढून टाकल्या. त्यांच्या बाईसाहेब अजून हळहळतात. तर अशा साहेबांनी त्याला सांगितलं, "बाबा, तुझ्या प्रश्नाला माझं ग्रीक पुरत नाही. तू शीक आणि मलाही सांग." आणि स्वतःचं जुनं व्याकरणाचं पुस्तक त्याच्या हातात दिलं.

मग प्रयोगशाळेत साच्यातलं प्लास्टर घट्ट होईपर्यंत जो वेळ मिळायचा, त्यात हा ग्रीक क्रियापदं पाठ करू लागला. मालकांनी कधी हरकत घेतली नाही. फक्त एकदा म्हणाले, "ग्रीक चालू दे, पण गिऱ्हाइकाची वरची कवळी वरच बसू दे."

एके दुपारी माझ्या औषधांच्या दुकानासमोर गर्दी असताना हा धापा टाकत आला. अंगावर प्लास्टरची पांढरी भुकटी, हात इतक्या वेगाने चाललेले की मलाही काही कळेना. त्याला सापडलं होतं की त्या अडखळत बोलणाऱ्या माणसासाठी जो ग्रीक शब्द वापरलाय, तो नव्या करारात दुसऱ्या कुणासाठीच आलेला नाही. आणि जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात तोच शब्द यशया संदेष्ट्याच्या तोंडी आहे, देव येईल तेव्हा मुके गातील, असं सांगताना. रांगेतल्या एका आजींनी विचारलं, "काय झालं गं, लॉटरी लागली का?" मी म्हटलं, "आजी, शब्द सापडला." त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे, पण त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

कॉलेजने पहिल्यांदा नाही म्हटलं. अशा विद्यार्थ्याची सोय नाही, म्हणाले. त्याने पुन्हा अर्ज केला. तेव्हा मुलाखतीला बोलावलं आणि दुभाषी म्हणून मी गेले. समोर तीन प्राध्यापक. हिब्रूचे वयस्कर सर म्हणाले, "आमच्या वर्गात हिब्रू मोठ्याने वाचावी लागते. तुम्हाला ऐकू येत नाही. कसं शिकणार?"

भावाने उत्तर दिलं आणि मी त्याला डोळ्यांनीच दटावलं.

"काय म्हणाले ते?"

मी सांगून टाकलं. "ते विचारताहेत, ज्यांनी ती लिहिली त्यांचा आवाज सरांनी ऐकलाय का?"

सरांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता उठा आणि घरी चला. ते म्हणाले, "नाही. मीही डोळ्यांनीच शिकलो." आणि मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "तुम्ही अर्जात लिहिलेल्या त्या गोष्टीतल्या माणसाला शेवटी ऐकू येऊ लागलं. तुम्हाला येत नाही. या शेवटाचं तुम्ही काय करणार?"

मी इतकी वर्षं त्याच्यासाठी बोलतेय, पण हे उत्तर त्याचं त्यालाच द्यायचं होतं. त्याने हात उचलले. "माहीत नाही. तेच शोधायला यायचंय."

महिन्याभराने उत्तर आलं, व्हिडिओच्या रूपात. तेच हिब्रूचे सर टेबलामागे ताठ बसून अवघडलेल्या बोटांनी खुणा करत होते. कुठूनतरी शिकले होते. त्यांना म्हणायचं होतं, "तुमचं स्वागत आहे." हातांनी झालं, "तुमचं लग्न आहे." भाऊ हसून हसून जमिनीवर बसला आणि मग तिथेच बसून रडला. मीही बसले त्याच्याजवळ.

शेवटाचं उत्तर त्याला सापडेल का? मला ठाऊक नाही. सापडलं नाही तरी तो नीट शोधेल, एवढं ठाऊक आहे. कवळी टोचली तर दहादा घासून देणारा माणूस आहे तो. तिथे दुभाषी मिळाला आहे, खोली मिळाली आहे. मला तेवढी आता सवय करायला हवी, की माझा भाऊ मी नसलेल्या खोलीतही बोलणार आहे.

पाळकसाहेबांचे, मालकांचे, मंडळीचे आणि उभं राहून हात दुखलेल्या माझ्या यजमानांचे मनःपूर्वक आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाच्या दातांवर शब्द घसरला असेल, तर लेकीसारखं सांभाळून घ्या.

आता सत्कारमूर्ती बोलतील. त्यांच्या इच्छेवरून आज त्यांचं भाषण मी बोलून दाखवणार नाही. उजवीकडच्या मंडळींनी कृपया उठून डावीकडे जावं, एकेका बहिऱ्या माणसाशेजारी बसावं, आणि नाही कळलं तर त्याला विचारावं. तो सांगेल, हातांनी, तुम्हाला समजेल असं.

या, सरका थोडे. जागा आहे.