न्यायमूर्ती कॅल्डरवुड खुर्चीवरून उठल्या तेव्हा

समारंभाचे अध्यक्ष, मुख्य न्यायमूर्ती हॅल्सीसाहेब, व्यासपीठावर बसलेले अपील न्यायालयाचे सर्व न्यायमूर्ती, राज्यपालांच्या वतीने आलेल्या पाहुण्या, वकील मंडळी, बाईंच्या हाताखाली तयार होऊन आता स्वतः मोठे झालेले त्यांचे सहायक, आणि आज आपण ज्यांच्यासाठी जमलो, त्या न्यायमूर्ती ओलेटा कॅल्डरवुड. आपणा सर्वांना माझा आदराचा नमस्कार.

माझं नाव वेड टॉलिव्हर. या न्यायालयाशी आमचा संबंध आला तो हरण्यापुरता. रजिस्ट्रार किनकॅननसाहेबांचा फोन आला, तेव्हा मी उत्तर डाकोटात तेलविहिरीवर होतो. ते म्हणाले, "बाईंचं म्हणणं आहे, वकील काय, पुष्कळ बोलतील. हरलेल्यांपैकीही कोणीतरी बोलू दे." मी म्हटलं, "साहेब, मी नववीतच शाळा सोडलीय." ते म्हणाले, "मग थोडक्यात आटपाल. बरंच आहे."

अध्यक्षसाहेब हसले. म्हणजे आधीची भाषणं त्यांनाही लांबच वाटली असणार.

बाईंचा जीवनप्रवास तुम्ही आत्ता ऐकलात. खाणकामगाराची धाकटी मुलगी. दिवसा शाळेत शिकवून रात्री कायद्याचा अभ्यास. मग सरकारी वकील, मग जिल्हा न्यायाधीश, आणि शेवटी राष्ट्राध्यक्षांनी नेमलेली ही संघराज्याच्या अपील न्यायालयाची खुर्ची, जिच्यावरून माणसाला मरेपर्यंत कोणी हलवू शकत नाही. पण मला यातलं सगळ्यात आवडलं ते त्यांच्या सहायकाने सांगितलेलं. निकाल लिहायला बसल्या की बाई आधी हरणाऱ्याची बाजू लिहायच्या. ती मोठ्याने वाचून दाखवायच्या. ऐकणाऱ्याच्या तोंडून "मग हाच का जिंकत नाही?" असं निघाल्याशिवाय पुढे लिहायच्या नाहीत. हरलेल्या माणसाला आणखी काय हवं असतं हो? आपलं म्हणणं कोणाला तरी कळलं होतं, एवढंच.

आमच्या बाबतीत मात्र बाईंना निकाल लिहिताच आला नाही. ते का, हे सांगायलाच मी उभा आहे.

माझे वडील एलझी टॉलिव्हर. पश्चिम व्हर्जिनियात टॉलर्स फोर्कला आमचं घर. वडिलांनी सगळं आयुष्य कोळशाच्या खाणीत काढलं. शेवटी शेवटी घराच्या चार पायऱ्या चढायच्या तर दोनदा बसावं लागायचं. छातीत कोळशाची धूळ बसली की कायद्याने भरपाई मिळते. पण छातीचा एक्स-रे फोटो बघणारा कंपनीचा डॉक्टर म्हणाला, हा जुना क्षय आहे. वडिलांना क्षय कधी झालाच नव्हता. भरपाई ठरवणाऱ्या खालच्या अधिकाऱ्याने डॉक्टरचं धरलं, आणि भांडत भांडत प्रकरण इथे, वर आलं. पैशांपेक्षा वडिलांना एकच हवं होतं. हे खाणीमुळे झालं, असं कोणीतरी लेखी म्हणावं.

सुनावणीला आम्ही पहाटेच निघालो. आई, वडील आणि मी. न्यायालयाने दिलेली आमची वकील पोरगी छान बोलली. वर तीन न्यायमूर्ती, मधल्या खुर्चीत बाई. वकिलाला वेळ दाखवणारे दिवे: हिरवा, पिवळा, लाल. संपलं. आणि मग या न्यायालयाची ती जुनी पद्धत, जी तुम्हाला सवयीची आहे आणि आम्हाला ठाऊक नव्हती. तिन्ही न्यायमूर्ती उठले, खाली आले आणि दोन्हीकडच्या वकिलांशी हस्तांदोलन करू लागले.

आता आमच्या डोंगरातल्या चर्चमध्ये काय होतं, तर शेवटचं गाणं सुरू झालं की सगळे उठतात आणि एकमेकांचे हात हातात घेतात. बसून राहिला तो रुसला, असा अर्थ. वडिलांनी हे पाहिलं मात्र, काठी टेकत उठले, लाकडी कठड्याचं छोटं दार ढकललं आणि कंपनीच्या वकिलामागे रांगेत जाऊन उभे राहिले! आई कुजबुजली, "अहो, ते आपल्याला नाही!" ते म्हणाले, "बसून राहणं बरं दिसत नाही." न्यायालयाचा पहारेकरी, मार्शल, पुढे सरसावला. बाईंनी नुसतं पाहिलं, तो थांबला. पक्षकाराचा हात धरायची पद्धत नाही. पण पुढे आलेला हात परत पाठवायचा तरी कसा? बाईंनी तो हातात घेतला.

आणि आमच्याकडे एकदा हात हातात आला की पुढचा प्रश्न ठरलेला. वडिलांनी विचारलं, "बाई, तुम्ही रॅटलिफांच्या ना? ऑर्विलच्या?"

बाई हसल्या. अगदी गावाकडचं हसू. "हो. पण नाव तर माझं कॅल्डरवुड. कसं ओळखलंत?"

"कपाळ बघून. ते ऑर्विलचंच. चार नंबरच्या खाणीत छत कोसळलं तेव्हा माझ्या बापाने ओढून काढला त्याला. हार्मन टॉलिव्हरने. तुम्ही तेव्हा झाला नव्हतात."

बाईंचं हसू गेलं. हात सोडला नाही, पण अगदी हळू म्हणाल्या, "मिस्टर टॉलिव्हर, आता एक शब्दही बोलू नका."

परतताना वडील गाडीत हळहळत होते. त्यांना वाटलं, गेलेल्या माणसाचं नाव काढून बाईंना दुखवलं.

त्याच आठवड्यात वकील पोरीचा फोन. न्यायमूर्ती कॅल्डरवुड या प्रकरणातून बाजूला झाल्या होत्या. त्यांचे वडील कोणामुळे वाचले, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं होतं. जे त्यांच्या कानावर आलं, ते त्यांनी सगळ्यांना कळवलं आणि अशा घराचा निवाडा आपण करायचा नाही म्हणून या प्रकरणापुरती खुर्ची सोडली. सुनावणी पुन्हा झाली, तिसरे न्यायमूर्ती नवे. आम्ही हरलो. कोणत्या डॉक्टरवर विश्वास ठेवायचा ते खालच्या अधिकाऱ्याने ठरवलंय, आम्ही पुरावा पुन्हा तोलत नाही, असं निकालात होतं. कायदा तसाच आहे म्हणतात. असेल.

गावात दुकानासमोर रोज तोच विषय. "एलझी, पाच मिनिटं तोंड मिटून बसता नाही आलं? आपली मुलगी होती वर, आपली!" "अरे, ओळख काढायची ती निकाल लागल्यावर काढतात!" वडील म्हणायचे, "हात हातात घेतला आणि कोणाची म्हणून विचारलं नाही, हे कसं काय बाबा?" लोक हसायचे. मला हसू यायचं नाही. माझ्या डोक्यात एकच, की आपलं माणूस वर होतं आणि ते उठून गेलं. त्याच रागात मी डोंगर सोडला. वर्षभरात चार कामं बदलली, एकाही ठिकाणी जीव रमला नाही.

वडिलांच्या शेवटच्या हिवाळ्यात मी घरी आलो. नाकाला नळी लावून ते खिडकीशी बसायचे. मी चिडून बोललो, "बाबा, तुमच्या त्या बाईने एकदा मान हलवली असती तर काय गेलं असतं तिचं?"

नळीतून श्वास घेत घेत, तुकड्यातुकड्याने ते बोलले. "वेड, माझ्या कोळशाचं वजन करणारा कंपनीचा होता. दुकान कंपनीचं. घर कंपनीचं. फोटो बघणारा डॉक्टर कंपनीचा. आणि यातला प्रत्येक जण काय सांगायचा? मी कोणाच्याच बाजूचा नाही, मला फक्त जे दिसतं ते सांगतो. साठ-पासष्ट वर्षांत एक माणूस मी बघितला, जो म्हणाला, मी कोणाची तरी आहे, म्हणून मी उठते. तो डॉक्टर उठला का कधी?"

मी म्हटलं, "पण आपण हरलो ना."

"हरलो तर. मला काय ते कळत नाही?" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

इथे बसलेल्या मोठ्या मंडळींना मी काय सांगणार? तुमच्यातल्या प्रत्येकावर अशी उठायची वेळ आली असेल. पण उठण्याची किंमत उठणाऱ्यालाच मोजावी लागते असं समजू नका. ती आमच्या घरानेही मोजली. वडिलांनी ती मोजली आणि तरीही बाईंबद्दल वाकडा शब्द काढू दिला नाही. मला अजून ते पूर्ण जमलेलं नाही. खोटं कशाला बोलू? पण तो डॉक्टर आठवला की बाईंसमोर मान आपोआप खाली जाते.

आता एक निरोप. आई तिसऱ्या रांगेत बसली आहे, निळा कोट. वडील गेल्यापासून तिने बाईंना तीनदा घरी बोलावलं. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं: तुमच्या डोंगरातलं एक ना एक प्रकरण माझ्याकडे असतंच, मी या खुर्चीत आहे तोवर तुमच्या टेबलाशी जेवू शकत नाही. आई म्हणाली, "बरोबर आहे तिचं." आणि प्रत्येक वेळी जास्तीचं ताट उचलून ठेवलं.

बाई, आज तुम्ही खुर्ची कायमची सोडताय. येत्या रविवारी टॉलर्स फोर्कला कबरींवर फुलं घालायचा दिवस आहे. ऑर्विल रॅटलिफ आणि हार्मन टॉलिव्हर एकाच उतारावर आहेत, आणि आता माझे वडीलही. वर गवतावरच जेवण असतं. घेवड्याची उसळ, मक्याची भाकरी आणि आईचा सफरचंदाचा थरांचा केक. तुम्ही निकाल कसा लिहिला असता, हे तिथे कोणी विचारणार नाही. मी विचारलंच, तर आई सगळ्यांसमोर माझा कान पिरगाळेल. तुम्ही फक्त या. आणि कोणी "तुम्ही कोणाच्या?" म्हणून विचारलं, तर या वेळी बिनधास्त सांगा.

मला इथे उभं केल्याबद्दल अध्यक्षसाहेबांचे आणि किनकॅननसाहेबांचे आभार. या पोराला शब्द नीट मांडता येत नाहीत, हे तुम्ही सांभाळून घेतलंत. काही अधिक-उणं बोलून गेलो असेन, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पोटात घाला. आणि बाई, रविवारी लवकर निघा. वरचा रस्ता खराब आहे, आणि बोलावलेलं माणूस आल्याशिवाय आई जेवायला बसत नाही.