नाळेतला रुपया

गिरिजा : झाला का वाजवून? कावल्यांना पन इतका ओरडायला जमत न्हाय.

आत्माराम : बाई, मशीन ओरडत नाही. सूचना देतंय.

गिरिजा : पन्नास सूचना दिल्या त्यानं. निघाला काय? तीन खिले, एक बाटलीचा झाकन आन् माज्या सासऱ्याच्या वक्ताचा मासे धरायचा गल.

ईश्वर : आये, गप ना जरा. काका आपल्यासाठी आलेत.

गिरिजा : तुज्यासाठी आलेत. मना कोनी इचारला?

(घोडबंदरची खाडी, सकाळची ओहोटी. धाकूची होडी त्याच्यामागे नऊ वर्षं इथेच चिखलात कुजली. फळ्या गावानं चुलीला नेल्या. पुढची नाळ, म्हणजे टोकाचं उभं लाकूड, मोडून तुकडे रुतले ते तेवढे राहिले. आता त्या जागेवर त्याचा मुलगा ईश्वर फावडं घेऊन उभा आहे, आणि जवळच्या बेव्हर्ली पार्क वसाहतीतले आत्मारामकाका, टाकसाळीतून निवृत्त, लांब दांड्याला ताटली लावलेलं धातू शोधायचं यंत्र फिरवताहेत. धाकूची बायको गिरिजा बांधावर टोपली पालथी घालून बसली आहे. यायचं नाही असं ती रात्रीच बजावून बसली होती, पण घरात काही जीव लागेना तिचा.)

आत्माराम : ईश्वर, परत एकदा सांग. नाणं नेमकं कुठे बसवतात?

ईश्वर : नाळ खालच्या मोठ्या लाकडाला जिथे जुळते ना, तिथे खाच मारतात. त्यात रुपया ठेवायचा, वरून लाकडाची खुंटी ठोकायची, मग डांबर. आजानं त्याच्या होडीतला काढून बाबांच्या होडीत बसवला. राणीछाप, चांदीचा. आता तोच माझ्या होडीत जाणार. महिपत सुतार खाच उघडी ठेवून थांबलाय.

गिरिजा : थांबलाय न्हाय, बिड्या फुंकतोय. तुज्या पैशानं.

आत्माराम : राणीछाप म्हणजे चांदी. छान. चांदीचा आवाज ओळखू येतो, उंच, स्वच्छ. अडचण एकच आहे. हा चिखल खारट. मोठी कॉइल लावली की मीठच वाजत बसतं.

गिरिजा : कॉइल म्हंजे तो तवा?

आत्माराम : तवा नाही हो. अकरा इंची कॉइल. खोलवर बघते.

गिरिजा : खोलवर बघून मीठ सापडला. खाडीत मीठ हाय हे सांगायला जावयानं अमेरिकेवरनं मशीन धाडली काय तुमाला? मना इचारला असता, फुकट सांगितला असता.

ईश्वर : सॉरी काका.

आत्माराम : असू दे. आमच्या घरी पण हेच ऐकतो. आता सेन्सिटिव्हिटी खाली आणतो, म्हणजे मीठ गप बसेल. आणि खिळे नकोत म्हणून हे दुसरं बटण. कुठला धातू ऐकायचा आणि कुठला ऐकायचा नाही, ते यावर ठरतं. चांदीच्या खालचं सगळं बंद करून टाकतो.

गिरिजा : ऐकायचाच न्हाय असा बटन? बरा हाय. आमच्या घरात एक मानूस होता, त्याला जल्मतःच बसवलेला.

ईश्वर : बाबांना कशाला मध्ये आणतेस?

गिरिजा : मी कशाला आनू? त्यांच्याच होडीवर उभा हायस.

आत्माराम : आता बघा. गप्प झालं की नाही?

गिरिजा : झाला. आता काईच वाजत न्हाय. मगाशी सगला वाजत होता, आता काय पन न्हाय. असल्या मशीनला काय म्हनायचा? माजी सून आनली तर ती अशी नको.

आत्माराम : धीर धरा. हा पट्टा झाला... हा पण झाला... इकडे लाकडाचा मोठा तुकडा आहे वाटतं खाली, फावडं लागलं ना तुझं? इथेही काही नाही.

गिरिजा : न्हाय ना? झाला मग. ईश्वर, घाल ते फावडा खांद्यावर. भरती यायला लागल. साहेबांना चहा पाज आन् रिक्षात बसव.

ईश्वर : एवढ्यात?

गिरिजा : एवढ्यात काय? टाकसालीतला मानूस सांगतो न्हाय म्हनून. जल्मभर रुपये-पैसे बघितले त्यानं, त्याला कलत न्हाय, तुला कलतंय?

आत्माराम : मी नाही असं म्हटलं नाही अजून. खिळ्याशेजारी नाणं असलं तर मोठ्या कॉइलला दोन्ही एकदम दिसतात. खिळा नको म्हटलं की नाणंही गाळलं जातं. म्हणून आता ही छोटी लावतो. सहा इंची. दोन खिळ्यांच्या मधलं बघते.

गिरिजा : आता ही बशी आली. मग वाटी येल. मग चमचा.

ईश्वर : आये, तुला इतकी घाई का आहे?

गिरिजा : मावरा सुकत टाकलाय. मांजरा खातील.

ईश्वर : काल तर म्हणत होतीस मावरं नाही घरात.

गिरिजा : तू लय ध्यान देतोस रं. एवढा ध्यान बँकेच्या परीक्षेला दिला असतास तर चिखलात उभा न्हाय ऱ्हायला असतास. वाण्याकडनं एक नवा रुपया घे, बसव आन् मोकला हो. तुज्या होडीला काय कलतंय राणी कोन आन् वाघ कोन?

ईश्वर : मला कळतंय. बाबा जायच्या आदल्या आठवड्यात बोलले होते. होडी कुजली तरी चालेल, नाळेतलं काढून घे. ते बसवल्याशिवाय तुझी होडी पाण्यात घालू नको. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. नऊ वर्षं मी होडीच नाही केली, कारण पैसे नव्हते. आता केलीय, तर हे एवढं मी करणार. सापडेपर्यंत रोज ओहोटीला येणार. नाही सापडलं तर होडीचं लाकूड विकतो आणि पाण्याच्या टँकरवर कामाला जातो.

गिरिजा : त्यांनी असा सांगितला? तुला?

ईश्वर : हो.

गिरिजा : मना कदी बोल्ले न्हाय.

ईश्वर : तू ऐकून घेतलं असतंस?

आत्माराम : छोटी कॉइलपण चांदीचं काही बोलत नाही इथे. चांदी असती तर एव्हाना...

गिरिजा : नसल. साहेब, बंद करा ती मशीन.

आत्माराम : दोन मिनिटं बाई, हा एक तुकडा...

गिरिजा : बंद करा बोल्ले ना. नसल म्हंजे न्हायच. तो रुपया मी काडला.

ईश्वर : काय?

गिरिजा : मी काडला. पटाशीनं खुंटी उपटली, रुपया काडला आन् खाडीत फेकला. तिकडं, जिथं आता पुलाचा खांब हाय ना, त्याच्याबी पलीकडं. शोधा आता. लावा मोठा तवा.

ईश्वर : कधी?

गिरिजा : तू दोन वर्साचा होतास. माजा बाप ससूनवघरला, खाडीच्या पलीकडं, शेवटच्या घटका मोजत पडला होता. सांगावा आला पहाटे. मी तुज्या बापाला बोल्ले, मना होडीतनं सोडा पलीकडं. ते बोल्ले, आदी जालं काडून येतो, पानी उतरतंय, मग नेतो. गेले. आले ते दुपारी. तवर बाप गेला होता. मी पोचले तवा तोंड झाकलेला होता त्याचा.

ईश्वर : हे मला कधी कोणी सांगितलं नाही.

गिरिजा : कोन सांगल? सांगन्यासारखा काय होता त्यात? तेराव्यावरनं आले आन् बघितला तर होडीला हलद, कुंकू, हार. नारली पुनव होती. मना वाटला, हिच्या पोटात चांदीचा रुपया, आन् माज्या बापाच्या तोंडात माज्या हातचा पानी बी न्हाय. त्या रात्री नाल फोडली.

ईश्वर : बाबांना कळलं नाही?

गिरिजा : पुडच्या वर्साला होडी वर वडली, डांबर लावायला. मी जीव मुठीत धरून बसले. आता दिसल, आता बोलतील, आता मारतील. चार दिवस डांबर लावत होते. काय पन बोल्ले न्हाय. मना वाटला, बगितलाच न्हाय. ऐकायचा न्हाय तसा बगायचा बी न्हाय. तसाच मानूस तो.

ईश्वर : आणि तू पंधरा वर्षं गप्प राहिलीस.

गिरिजा : ऱ्हायले. मग ते होडीतच गेले, छाती धरून. लोक बोल्ले, अटॅक आला. मना म्हाईत होता कशानं गेले. खाली राखनीचा रुपया न्हाय त्या होडीत मी त्यांना रोज धाडत होते. आता ऐकलास ना? जा टँकरवर. न्हायतर मना शिव्या घाल. पन ह्या साहेबासमोर नको.

आत्माराम : बाई, माझं जरा ऐकाल का?

गिरिजा : तुमी कशाला बोलता? तुमचा काम संपला.

आत्माराम : संपलं नाही. मघाशी मी चांदीवर बटण लावलं ना, तेव्हा या लाकडापाशी एक अगदी बारीक आवाज येऊन तुटत होता. चांदीपेक्षा खालचा. मी म्हटलं, तांब्याची तार असेल नाहीतर झाकण. म्हणून मुद्दाम गाळत होतो. छोटी कॉइल लावल्यावर तर तो बरोबर एकाच जागी तुटतोय.

गिरिजा : मग?

आत्माराम : मग आपण सगळे चांदीच शोधत होतो. चांदी नाही हे आत्ता कळलं. तर आता ते बटण पूर्ण उघडतो. हे बघा.

ईश्वर : वाजलं.

आत्माराम : खिळा असा नाही वाजत. हा गोल आवाज आहे. वीतभर खाली, जास्त नाही. फावडं नको, हातानं काढ.

गिरिजा : झाकनच असल. इथं दारूची पार्टी करतात बेव्हर्ली पार्कवाले.

ईश्वर : आये, हे लाकूड आहे. जोडाचंच आहे. आणि ही खुंटी. डांबर आहे वरून, जाड.

गिरिजा : असल. डांबर तर लावलाच होता त्यांनी.

ईश्वर : खुंटी ठोकलेली आहे आये. तू तर उपटलीस ना?

गिरिजा : उपटून तिथंच टाकली होती. परत बसवली न्हाय मी.

आत्माराम : हा घे माझा चाकू. कडेकडेनं. जोर लावू नकोस, कुजलंय... निघतंय... पाणी टाक थोडं.

ईश्वर : पिवळं आहे काका. सोनं?

आत्माराम : नाही रे. वीस पैसे. कमळछाप, सत्तर सालचं. पितळेसारखं दिसतं. लोकांनी ही नाणी सोन्याचा अंश आहे म्हणून देव्हाऱ्यात नेऊन ठेवली, बाजारात दिसेनाशी झाली. डांबरात बंद होतं म्हणून असं राहिलंय. फक्त कुणीतरी वर खिळ्यानं भोक पाडलंय त्याला.

गिरिजा : काय बोल्ला?

आत्माराम : भोक. दोरा ओवायला पाडतात तसं.

गिरिजा : इकडं आना. ईश्वर, हात दे, मना उतरव खाली.

ईश्वर : पाय जातील तुझे, थांब, मीच आणतो.

गिरिजा : दे. ... ह्ये माजं हाय.

ईश्वर : तुझं कसं असेल?

गिरिजा : लग्नात माज्या बापानं दिला होता. लक्षुमीच्या कलशाला बांद, बोल्ला. त्यानंच भोक पाडला, दारातल्या दगडावर ठेवून. वाकडा पडला म्हनून हसला होता. बघ, कडेला गेलंय. मी देवाऱ्यात ठेवला होता. बाप गेल्यावर पुडच्या पावसाल्यात न्हाईसा झाला.

ईश्वर : पुढच्या पावसाळ्यात म्हणजे डांबर लावलं तेव्हाच.

गिरिजा : आपली अंबिका तवा माहेरपनाला आली होती. मी तिच्यावर आल घेतला. सगल्या आलीसमोर तिची पिशवी उलटी केली. नवऱ्याच्या बहिनीला चोर बोल्ले.

ईश्वर : आत्या त्यामुळे येत नाही?

गिरिजा : तेवीस वर्सा झाली. तुज्या बापाला म्हाईत होता, तो भोकाचा पैसा कुठं हाय ते. तरी बोल्ले न्हाय. बहीन गेली तरी बोल्ले न्हाय.

आत्माराम : सांगितलं असतं, तर तुम्ही रुपया काढला हेही सांगावं लागलं असतं.

गिरिजा : तुमाला कोनी इचारला न्हाय, साहेब.

आत्माराम : बरोबर आहे.

गिरिजा : माज्या बापानं दिलेला पैसा होडीखाली ठेवून फिरत होता तुजा बाप, चौदा वर्सा. मुका मेला. एक शबूद बोल्ला असता तर काय जीब झडली असती? ... रडत न्हाय मी. वारा हाय.

ईश्वर : आये, महिपत थांबलाय. हे बसवू?

गिरिजा : हेच बसव. वाण्याचा रुपया नको. पन आज न्हाय. महिपतला सांग, खाच उगडी ठेव दोन दिवस, बिडीचे पैसे मी देते.

ईश्वर : दोन दिवस कशाला?

गिरिजा : आत्याच्या घरचा रस्ता तुला म्हाईत हाय ना? मना घेऊन चल. हा पैसा माज्या हातात ऱ्हाऊ दे, आदी तिला दाखवायचा हाय.