शेवटच्या फेरीतली मागची जागा

(जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यासमोरचं एक छोटं बेट. धावपट्टीलगतची तिकिटांची लाकडी खोली. खिडकीबाहेर नऊ जणांचं एक विमान उभं आहे. म्हातारा वैमानिक एनो त्यार्क्स, तिकिटं देणारी इम्के आणि विमान कंपनीच्या मुख्य कचेरीतून आलेले फेलिंगर चहाला बसले आहेत.)

फेलिंगर : ...तेव्हा कंपनीच्या पन्नासाव्या वर्षी विमानाला आपल्या दिवंगत पत्नीचं नाव. संस्थापिकेचा याहून मोठा मान कोणता, त्यार्क्ससाहेब? आपण फक्त हो म्हणायचं.

एनो : एनो म्हणा. साहेब इथं कुणी नाही.

इम्के : अहो, चहा ढवळू नका. आमच्याकडे साय वर तरंगू द्यायची. मुख्य कचेरीत काय बादलीतनं पिता की काय?

फेलिंगर : माफ करा. तर, लोकांना ही गोष्ट फार आवडते. एक नवरा, एक बायको, एक जुनं विमान.

एनो : गोष्ट कसली? पाव आणायचा होता. ओहोटीला बोट चिखलात बसते, पण भूक काय ओहोटी बघून लागत नाही. मी उडवायचो, टालका इथं बसायची.

इम्के : बटाट्याच्या काट्यावर माणसं तोलायची. छोट्या विमानात वजन बघूनच बसवावं लागतं ना. बेटावरच्या एकूण एक बाईचं वजन तिला ठाऊक होतं. मरेपर्यंत कुणाचं कुणाला सांगितलं नाही.

फेलिंगर : वा. हे भाषणात घेऊ.

एनो : मग हेही घ्या. शेवटच्या फेरीतली मागची जागा ती विकत नसे. विमान सुटेपर्यंत रिकामी. आजारी माणूस सांगून येत नाही, म्हणायची. मी म्हातारा झालो, तुम्हाला सगळं विकलं, आणि तुम्ही पहिल्याच महिन्यात ती जागा विकायला काढलीत.

फेलिंगर : रिकामी जागा उडवणं परवडत नाही हो. आजाऱ्यांसाठी हेलिकॉप्टर आहे की.

इम्के : ते त्या दिवशी दुसऱ्या बेटावर बाळंतिणीला आणायला गेलं होतं.

एनो : फेब्रुवारीत तिला धरून मी इथंच उभा होतो. छातीत कळ, ओठ निळे. विमान समोर. तुमचा वैमानिक म्हणाला, जागा नाही.

फेलिंगर : मला अत्यंत खेद आहे. पण मी चौकशी केली. वजनाची मर्यादा भरली होती. हा नियम तर आपलाच.

एनो : वजनावरून मी भांडलो नाही. भरलं तर भरलं. तीच म्हणाली, चल, बोटीनं जाऊ. भरती संध्याकाळी होती. बोटीवरच गेली.

इम्के : वजन कशाचं होतं, ते सांगा ना एनोला.

फेलिंगर : त्याची इथं गरज नाही.

एनो : कशाचं?

इम्के : मागच्या जागेवर खोकी होती, एनो. या समारंभाच्या पुस्तिका. आतला या फेलिंगरांचा फोटो काळपट आला म्हणून परत छापखान्यात चालल्या होत्या. मी वैमानिकाला म्हटलं, खोकी उतरव. त्यानं यांना फोन लावला. हे म्हणाले, खोकी आजच पोचली पाहिजेत. फेब्रुवारीपासून हे कुणाला बोलले नव्हते. आज नोकरी गेली तर गेली.

एनो : पुस्तिकेवर कुणाचं चित्र होतं?

इम्के : टालकाचं. त्या काट्याजवळ उभी. हसतेय.

फेलिंगर : मला फोनवर एवढंच सांगितलं की कुणीतरी बाई आजारी आहे. आपल्या पत्नी आहेत हे कळलं असतं, तर मी लगेच...

एनो : म्हणजे दुसऱ्या कुणाची असती तर चाललं असतं.

फेलिंगर : तसं नाही म्हणायचं मला.

एनो : तसंच म्हणालात. वादळात हेलकावे बसले की लोक अंगावर ओकायचे. आयुष्यभर मी ते पुसलं, कधी किळस आली नाही. आज तुमच्यासमोर बसून येतेय.

फेलिंगर : मी समजू शकतो. मग... नावाचं काय करायचं?

एनो : नाही.

फेलिंगर : अडचण अशी आहे, की नाव कालच रंगवून झालंय. विमानाच्या पलीकडच्या बाजूला. आपण हो म्हणाल असं धरून चाललो होतो. असू दे, कारखान्यातली माणसं घासायचं यंत्र लावतील. रंग काय, पाच मिनिटांत उडतो.

इम्के : तुम्ही जा आता. चहा राहू द्या.

एनो : यंत्र लावू नका. इम्के, शिडी दे, थोडं टर्पेंटाइन, आणि कोमट पाणी. मी काढतो हळूहळू. तिचं नाव आहे ते.